पोहणं, सायकल, धावणं आणि योग: वाचकांचे प्रश्न

गोव्यात मिरामारला २०१९ साली आयर्नमन ७०.३ ही ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. तेव्हापासून ‘हाफ’ची, म्हणजे या अर्ध्या आयर्नमनची, तयारी करणारे आपल्याकडे गावोगावी दिसू लागले, आणि योगाबद्दलची पत्रंही वाढली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना आम्ही एक गोष्ट धरून चाललो आहोत: त्या दिवशीचं मुख्य काम काय, त्यावरून आसनं ठरतात. योगाला चौथा खेळ मानून वेळापत्रकात कोंबलं की तिन्ही खेळ बिघडतात.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. हाफसाठी आठवड्याला साधारण नऊ तास ट्रेनिंग होतं. कोच म्हणतात योग कर, पण तासाभराचा क्लास केला की दुसऱ्या दिवशीच्या रनमध्ये पाय जड पडतात. बसवायचं कुठे?

पाय जड पडतात, कारण तुमच्या क्लासमध्ये वीरभद्रासन, उत्कटासन अशी उभ्याने धरून ठेवायची आसनं भरपूर असणार. मांडीच्या दृष्टीने तो व्यायामच आहे. तो ट्रेनिंगमध्ये मोजायला हवा, आणि इंटरव्हलच्या (थांबून-थांबून वेगाने धावण्याच्या) आदल्या संध्याकाळी तर नकोच.

तुमच्यासारख्याला आठवड्याला ७५ ते ८० मिनिटं योग पुरतो. त्यातली ४० मिनिटं सलग, विश्रांतीच्या दिवशी. बहुतेकांचा तो सोमवार असतो, कारण शनिवारी लाँग राइड आणि रविवारी लाँग रन झालेली असते. उरलेल्या वेळाचे बारा-बारा मिनिटांचे तीन तुकडे करा आणि ते मंगळवारच्या इंटरव्हलनंतर, बुधवारच्या पोहण्यानंतर आणि शनिवारच्या राइडनंतर लावा. घरी येऊन अंघोळीच्या आधी करा. एकदा फोन हातात घेतला की ते होत नाही.

सोमवारचा संच असा ठेवा. एक पट्टा, एक ठोकळा आणि दोन घोंगड्या लागतील. सुरुवातीला मार्जारासन दहा वेळा, सावकाश, श्वासाबरोबर. मग अश्वसंचालनासन (एक पाय पुढे, दुसरा गुडघा मागे टेकवून), मागच्या गुडघ्याखाली घडी घालून घोंगडी. प्रत्येक बाजूला ४५ सेकंद, दोनदा. सायकलवर तासन्‌तास खुबा दुमडलेला असतो. त्यामुळे जांघेपुढचा स्नायू आखडतो आणि धावताना पाय मागे जात नाही. त्यावर हे आसन नेमकं काम करतं, पण बरेच लोक ते चुकीचं करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पोट पुढे लोटून खाली बसलं की कंबरेत खोलगट बाक येतो, कणा दबतो आणि जांघेला काहीच मिळत नाही. आधी मागच्या पायाच्या बाजूचा नितंब घट्ट आवळा. ओटीपोट वर, बेंबीच्या दिशेला उचला. तसंच धरून पुढचा गुडघा जेमतेम दोन-तीन इंच पुढे न्या. ताण मांडीच्या वरच्या टोकाला, पुढून जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवला तर मागे या.

त्यानंतर पाठीवर झोपून, पट्टा तळव्याला अडकवून एक पाय वर, असं सुप्त पादांगुष्ठासन, तेही ४५ सेकंद, दोनदा. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर पाय खाली आणा, पट्टा ओढू नका. मग घोंगडीची गुंडाळी छातीच्या मागे आडवी ठेवून तिच्यावर तीन मिनिटं पडून राहा, हात डोक्याच्या दिशेने सैल. एरोबारवर (पुढे झुकून कोपरं टेकवायच्या हँडलवर) गोल झालेली पाठ आणि पोहण्यात पुढे ओढले गेलेले खांदे, दोन्हींना हे एकच पुरतं. डोकं मागे लटकत असेल तर खाली ठोकळा किंवा उशी घ्या. पुढे वक्रासन दोन्ही बाजूंनी, शलभासन १५ सेकंदांचं पाच वेळा, सेतुबंधासन ३० सेकंदांचं तीन वेळा, दोन-तीन मिनिटं वज्रासन आणि शेवटी आठ मिनिटं शवासन. शवासन कापून वेळ वाचवू नका. कापायचंच असेल तर वक्रासन कापा.

बारा मिनिटांच्या तुकड्यात दोनच जागा घ्या. रननंतर पोटऱ्या आणि जांघ, पोहल्यावर छाती आणि पाठीचा वरचा भाग, राइडनंतर जांघ आणि मान.

प्रश्न: धावण्याआधी सूर्यनमस्कार घातले तर वॉर्म-अप होतो का? किती घालावेत?

होतो, पण अर्धाच. चार ते सहा नमस्कार, कुठेही न थांबता, श्वासाच्या लयीत. त्यानंतर पाच मिनिटं चालणं आणि हलकं जॉगिंग हवंच, कारण नमस्कारात पाय जमिनीवर आदळण्याची तयारी होत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एक, वेगाच्या रनआधी कोणतंही आसन मिनिटभर धरून ठेवू नका. स्नायू तेवढा वेळ ताणून धरला की पुढचा थोडा काळ त्याचा जोर किंचित कमी पडतो. लांब धरायची आसनं धावून झाल्यावर. दुसरी गोष्ट पहाटे उठणाऱ्यांसाठी. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास कंबर ताठ लागते. त्या वेळात पहिल्याच नमस्कारात गुडघे सरळ ठेवून तळवे टेकवायची घाई नको. पहिले दोन नमस्कार गुडघे वाकवून घाला.

पोहण्याआधी मात्र बारा-बारा नमस्कार घालणं आम्हाला पटत नाही. साष्टांग स्थितीत उतरताना खांद्याच्या पुढच्या भागावर जो भार येतो, तोच पुढे पाण्यात शेकडो वेळा येणार असतो. खांदे गोल फिरवा, मार्जारासन करा आणि पहिले २०० मीटर सावकाश पोहा.

प्रश्न: मी तलावाच्या काठावर दहा मिनिटं कपालभाती आणि भस्त्रिका करतो आणि मग श्वास रोखून पाण्याखालून २५ मीटर जातो. यानं फुप्फुसांची ताकद वाढते ना?

हे आजपासून बंद करा. या स्तंभातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, त्यामुळे कारण समजून घ्या.

श्वास घ्यायची ओढ लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना शरीर फार उशिरा आणि क्षीण देतं. जोरजोरात, भराभर श्वास टाकला की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, पण ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ भरलेलं असतं. आता तुम्ही पाण्याखाली गेलात की धोक्याची घंटा उशिरा वाजणार. ती वाजायच्या आतच ऑक्सिजन इतका उतरू शकतो की माणूस काहीही न जाणवता बेशुद्ध होतो, आणि बेशुद्धीत पहिला श्वास पाण्यातच घेतो. उथळ पाण्यात, पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. काठावरच्या माणसाला वाटतं की हा अजून दम धरून आहे.

कपालभाती करायचीच असेल तर घरी करा, पोहायला जायच्या आधी नको. पाण्यात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, कधीच नको, सोबत कोणी असलं तरी.

शिवाय ट्रायथलॉनला दम रोखण्याची गरजच नाही. दर दोन किंवा तीन हातांनी तुम्ही श्वास घेणारच आहात. समुद्रात घाबरायला होतं ते आतला श्वास पूर्ण सोडला जात नाही म्हणून. अर्धी हवा आत असताना वरून घोट घेतला जातो, छाती भरल्यासारखी वाटते आणि माणूस हात मारायचा थांबतो. यावर भ्रामरी कामाची आहे. घरी पाच आवर्तनं करा, आत घेतलेल्या श्वासाच्या दुप्पट लांब गुंजारव. मग तोच गुंजारव पाण्यात न्या: चेहरा पाण्यात असताना नाकातून ‘म्‌ऽऽ’ असा सूर सतत चालू ठेवायचा आणि तोंड बाजूला वळलं की श्वास घ्यायचा. २५ मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट थांबून. सूर तुटला की समजा, तिथे तुम्ही श्वास अडवलात. सूर चालू असला की जबडाही सैल राहतो आणि नाकात पाणी जात नाही.

प्रश्न: नाशिकहून लिहिते आहे. चढावर धावायला लागल्यापासून एका बाजूच्या बैठकीच्या हाडाशी खोल दुखतं. सॅडलवर (सायकलच्या सीटवर) आणि ऑफिसच्या खुर्चीवरही बसवत नाही. रोज पश्चिमोत्तानासन करते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वाढतं.

दुसऱ्या दिवशी वाढतं, यातच उत्तर आहे. मांडीच्या मागचा स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला चिकटतो, तिथला कंडरा दुखावलेला असण्याची शक्यता मोठी आहे. गुडघे सरळ ठेवून पुढे वाकलं की तो कंडरा ताणला जातो आणि शिवाय हाडावर दाबला जातो. ताणल्यावर संवेदना थोडा वेळ बोथट होते म्हणून बरं वाटतं. योग करणाऱ्यांमध्ये आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये हे दुखणं सर्रास दिसतं. तुम्ही दोन्ही करता.

पुढचे सहा आठवडे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हनुमानासन बंद. सुप्त पादांगुष्ठासनही नको. सूर्यनमस्कार घालायचेच असतील तर पुढे वाकताना गुडघे वाकलेले ठेवा.

त्याऐवजी सेतुबंधासन, पण टाचा नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवून, म्हणजे भार नितंबांबरोबर मांडीच्या मागच्या बाजूवरही येईल. ३० ते ४५ सेकंद धरा, दीड-दोन मिनिटं थांबा, असं पाच वेळा, रोज. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी: मोजे घालायला वाकताना कालच्यापेक्षा जास्त दुखत नसेल तर प्रमाण बरोबर आहे. दोन आठवड्यांनी एका पायावर करायला लागा. पुढे वजन घेऊन करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

धावणं पूर्ण थांबवायची गरज बहुधा पडत नाही. चढ आणि वेगाच्या रन बंद करा, पावलं आखूड टाका, सपाटीवर धावा. पण दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर ते कंबरेतल्या नसेचंही असू शकतं. आणि धावताना ‘फट्’ असं होऊन मांडीमागे काळंनिळं पडलं तर थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

प्रश्न: एरोबारवर दोन तासांनंतर मान आखडते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतं. रोज शीर्षासन आणि सर्वांगासन करतो, तरी फरक नाही. (कोल्हापूर)

ही तीनही दुखणी आधी सायकलची आहेत. मापं चुकलेल्या सायकलवर बसून कितीही आसनं केली तरी फरक पडणार नाही.

गुडघा: सॅडल खाली असण्याची शक्यता आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. सॅडल खाली असेल तर वाटीपुढे दुखतं. फार वर असेल तर गुडघ्यामागे दुखतं आणि कंबर डावी-उजवीकडे हलते. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन राइड बघा.

बोटं: तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस हँडलवर दबते आहे. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, मनगट मागे मोडू देऊ नका. एरोबारच्या पॅडवर भार कोपराच्या टोकावर नको, त्याच्या थोडं पुढे हवा. बधिरपणा उतरल्यानंतरही राहू लागला तर डॉक्टरांना दाखवा.

मान: बार फार खाली असेल तर पुढे बघायला मान जास्त मोडावी लागते. बार एक-दोन सेंटिमीटर वर घेतल्याने फुकट जाणारा वेग नगण्य असतो. आणि दोन तास थकलेल्या मानेवर शीर्षासन किंवा सर्वांगासनाचा भार टाकणं चुकीचंच आहे. लाँग राइडच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सोडा. त्याऐवजी कपाळावर तळवा ठेवून मानेने दहा सेकंद दाबा, हाताने विरोध करा, डोकं हलू देऊ नका. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी, पाच-पाच वेळा. भुजंगासन करा, पण छाती थोडीच उचलून आणि नजर जमिनीकडे ठेवून. छताकडे बघायची सवय इथे नुकसान करते.

प्रश्न: रत्नागिरीची आहे, धावणं चांगलं आहे. पोहताना पाय मारते, पण पुढे सरकतच नाही. बोर्ड धरून मारले तर उलट मागे जाते असं वाटतं.

धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, म्हणून पाऊल पाण्यात मागे सपाट होत नाही. ते खाली लोंबतं आणि ब्रेकचं काम करतं. बसून पाय लांब करा आणि पाऊल ताणून अंगठा जमिनीकडे न्या. अंगठा वीतभर वरच राहत असेल तर कारण सापडलं.

इलाज वज्रासन. पहिल्या आठवड्यात घोट्यांच्या पुढच्या बाजूखाली टॉवेलची गुंडाळी आणि टाचा-नितंबांमध्ये घडी घातलेली घोंगडी घ्या. ३० सेकंद बसा, उठा, चार वेळा. गुंडाळी हळूहळू पातळ करत तीन-चार आठवड्यांत सलग दोन मिनिटांवर या. ताण पावलाच्या वरच्या बाजूला हवा. गुडघ्याच्या आत दुखलं तर घोंगडी जाड करा, तरीही दुखलं तर हे आसन तुमच्यासाठी नाही. गुडघ्याला सूज असेल किंवा त्याच्या आतल्या गादीची दुखापत झालेली असेल तर सुरूच करू नका.

जोडीला एका पायाचं शलभासन. पाय मारायचा तो खुब्यातून, गुडघ्यातून नाही, आणि ती सवय यातून लागते. प्रत्येक बाजूला आठ वेळा.

धावण्यासाठी घोटा उलट्या दिशेलाही वाकायला हवा, हे विसरू नका. भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर अधोमुखश्वानासनात एक-एक गुडघा आळीपाळीने वाकवा. टाच टेकलीच पाहिजे असा हट्ट नको.

प्रश्न: वय ५४, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची ट्रायथलॉन करायची आहे. कोणता प्राणायाम करू?

कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम आणि भ्रामरी, रोज दहा मिनिटं. भस्त्रिका, जोरकस कपालभाती, शीर्षासन, सर्वांगासन नको. स्पर्धेची नोंदणी करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि गोळीचं नाव कोचलाही सांगा. काही गोळ्यांनी नाडीचा वेग फारसा वाढत नाही, त्यामुळे घड्याळातले हार्ट रेट झोन तुम्हाला लागू पडत नाहीत. अशा वेळी दोन वाक्यं सलग बोलता येतात का, यावर वेग ठरवा. काही गोळ्यांनी लघवी वाढते. उन्हात पाण्याचा आणि मिठाचा हिशोब त्याप्रमाणे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न: पॉवर योग, गरम खोलीतला योग की पारंपरिक? कुठला क्लास लावू?

पॉवर योग म्हणजे तुमच्यासाठी आणखी एक वर्कआउट. आधीच आठवड्याला नऊ तास ट्रेनिंग होत असेल तर नको. गरम खोलीत अंग खरं आहे त्यापेक्षा सैल वाटतं आणि माणूस मर्यादा ओलांडतो.

ताठ शरीराच्या सायकलपटूला साहित्य वापरून शिकवणारा शिक्षक सगळ्यात उपयोगी पडतो. पट्टे, ठोकळे, खुर्ची, दोर यांचा पद्धतशीर वापर बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात रूढ केला आणि त्या परंपरेतले शिक्षक राज्यभर आहेत. श्वासाच्या बाजूने शिकायचं असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या या संस्थेत योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास तेव्हापासून चालत आला आहे. कुठेही गेलात तरी पहिल्याच दिवशी शिक्षकांना तुमच्या लाँग राइडचा आणि लाँग रनचा वार सांगा.

प्रश्न: स्पर्धेच्या आठवड्यात आणि नंतर योग कसा ठेवायचा? शीतलीनं गोव्याचा उकाडा सोसतो का?

शीतलीनं (जीभ गुंडाळून तोंडाने श्वास घ्यायच्या प्राणायामानं) तोंडाला गार वाटतं, मनही शांत होतं. पण शरीराचं तापमान त्याने इतकं उतरत नाही की त्या दमटपणात २१ किमी धावताना उपयोग व्हावा. उकाड्याची सवय दहा ते चौदा दिवस रोज तासभर उन्हात किंवा दमट वेळी हलकं ट्रेनिंग करूनच लागते. मीठ-पाण्याचं प्रमाणही तेव्हाच ठरवून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात नवीन आसन नाही, नवीन शिक्षक नाही. टेपरमध्ये (स्पर्धेआधी ट्रेनिंग कमी करायच्या काळात) वेळ मोकळा मिळतो आणि पाय शिवशिवतात, म्हणून लोक गुरुवारी दीड तास योग करून बसतात आणि रविवारी मांडी दुखत स्टार्टला उभे राहतात. सोमवारचा संच निम्म्या वेळात, प्रत्येक ताण ७० टक्क्यांवर सोडून. शुक्रवारपासून फक्त मार्जारासन, विपरीतकरणी (पाय भिंतीला टेकवून उताणं पडणं) आणि भ्रामरी. स्पर्धेच्या सकाळी वाळूवर उभं राहून भ्रामरीची पाच आवर्तनं, खांदे फिरवणं, बस्स.

फिनिश लाइन ओलांडल्यावर लगेच खाली वाकू नका आणि एकदम थांबूही नका. पाच-दहा मिनिटं चालत राहा, कारण पायांत उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम तेव्हा पोटऱ्याच करत असतात. चक्कर आली तर आडवं होऊन पाय खुर्चीवर ठेवा आणि वैद्यकीय पथकाला बोलवा. उभ्याने मांडी ताणत बसू नका.

पुढचे दोन-तीन दिवस खोल ताण बंद. स्नायूंचे तंतू दुखावलेले असतात, ते ताणल्याने बरं होणं लांबतं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं विपरीतकरणी, थोडं चालणं, आणि दुपारी झोप येत असेल तर योगनिद्रेऐवजी सरळ झोप घ्या. चौथ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार लागत नसेल, तर सोमवारचा संच वीस मिनिटांत करून बघा. लागत असेल तर आणखी दोन दिवस थांबा.